तीन बोटं

तो मुष्टियुद्धाच्या हौशी स्पर्धांमध्ये उतरला त्या वर्षीच वस्तादांनी त्याला पढवून ठेवलं होतं, "दोन फेऱ्यांच्या मधे मी बोटं दाखवून 'किती?' विचारलं, की तू बेधडक 'तीन' म्हणायचं. मी तीनच दाखवणार." डोळ्यांपुढे काजवे चमकत असले तरी त्याचं उत्तर बरोबर यायचं, पंचांचं समाधान व्हायचं आणि लढत पुढे चालू राहायची. असा तो बारा वर्षं टिकला, पुढे धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला आणि आता त्याची जेतेपदाची लढत एका दिवसावर आली होती.

वस्ताद घरी आले तेव्हा तो खिडकीशी बसून हाताला पट्टी गुंडाळत होता आणि त्याची लेक वस्तादांची नक्कल करत होती. तिने हात त्याच्या नाकासमोर नेला. "किती?"

"तीन."

"हरलास बाबा! मूठ आहे, मूठ!" ती खिदळत आईला सांगायला पळाली.

वस्तादांनी त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "अरे, कधीपासून?"

"समोरचा माणूस दिसतो, वस्ताद. बोटं तेवढी दिसत नाहीत." त्याने पट्टीची गाठ चाचपून घट्ट केली. "उद्याही तीनच दाखवाल ना?"