सगळा वर्ग

"रोल नंबर एक?" मॅडमनी विचारलं.

"हजर, मॅडम."

मॅडमनी हजेरीपट मिटला आणि सवयीनं बाकांवरून नजर फिरवली. एवढ्या मोठ्या खोलीत एकच मुलगी बसली होती, तीही दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत बसलं की फारच समोरासमोर व्हायचं.

गोगलगायींचा अभ्यास हा विषय घेऊन एम.एस्सी. करणारी ती एकटीच होती. कॉलेजात तिला 'सगळा वर्ग' म्हणत. सगळा वर्ग आज उशिरा आला, सगळ्या वर्गाला सर्दी झालीय, असं. परीक्षेत पहिली तीच यायची आणि शेवटचीही तीच. दांडी मारायची तर सोयच नव्हती. ती नसली की तास नाही, आणि तास झाले नाहीत की प्राचार्यांना विभाग बंद करायला आयतं निमित्त. एक तरी विद्यार्थी असेपर्यंत विभाग चालवायचा, असा नियम होता. मॅडमची सगळी नोकरी त्या नियमावर, म्हणजे खरं तर तिच्यावर, तगून होती.

आणि आज अभ्यासक्रम बदलायचा शेवटचा दिवस होता. दुपारी ऑफिस बंद व्हायच्या आत तिला पाण्याच्या नव्या अभ्यासक्रमात नाव घालायचं होतं. नदी, नळ, गटार, कायदा, सगळं थोडं थोडं शिकवणारा अभ्यासक्रम. मॅडम त्याला 'पसारा' म्हणत. तिला तो पसाराच हवा होता. गोगलगायी तिला आवडायच्या, नाही असं नाही. पण त्या राहतात ते पाणी कोण घाण करतं, हे तिला जास्त विचारावंसं वाटायचं.

सकाळी निघताना आई म्हणाली होती, "तोंडावर सांगून ये. गपचूप पळून जाऊ नकोस. त्या बाई तुझ्या एकटीसाठी तीन जिने चढतात." हे शेवटचं वाक्य आईनं बोलायला नको होतं.

मॅडमनी खडू उचलला. गुडघ्यावर हात ठेवून त्या फळ्याकडे वळणार, तेवढ्यात ती उभी राहिली.

"मॅडम, मी जातेय."

"ये जाऊन. थांबते मी."

"तसं नाही. विषय सोडतेय. पाण्याच्या नव्या कोर्सला चाललेय." पाठ केलेली सगळी प्रस्तावना ती विसरूनच गेली. "मी गेले की विभाग बंद होईल, मला माहितीय. म्हणून तर मागच्या सहामाहीत गेले नाही. पण अजून दीड वर्ष नाही जमणार मला. माफ करा."

मॅडम टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि पहिल्या रांगेतल्या बाकावर धपकन बसल्या.

"नक्की जातेयस?"

"हो."

"उद्या मन बदलायचं नाही हं."

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. "नाही बदलणार, मॅडम."

"हुश्श!" मॅडम म्हणाल्या.

तिला वाटलं, गुडघा दुखला असेल. पण मॅडम हसत होत्या. एकदम मोकळं, खांदे हलवून.

"अगं, मी गेल्या वर्षीच सुटणार होते. राजीनामा लिहून तयार होता. तेवढ्यात तू प्रवेश घेतलास! माझी मोठी बहीण एकटी राहते, माझ्यासाठी खोली रंगवून बसलीय. दर रविवारी फोन. कधी येतेस? मी म्हणते, ताई, वर्ग आहे माझा, मुलांना वाऱ्यावर कशी सोडू? तिला वाटतं, चाळीसेक पोरं असतील."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबलात?"

"मग काय गोगलगायींसाठी? त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. मला वाटलं, ही पोर एवढ्या हौसेनं आलीय, मी गेले तर हिचं कसं व्हायचं?"

तिला आधी विश्वासच बसेना. मग तिलाही हसू फुटलं. सहा महिने छातीवर धोंडा घेऊन वावरत होती, आणि पलीकडे मॅडमही तसाच धोंडा घेऊन जिने चढत होत्या. दोघींनी एकमेकींना चांगलंच कामाला लावलं होतं.

"ताप होता ना, तेव्हासुद्धा मी आले होते," ती म्हणाली.

"कळलं होतं मला. मलाही होता."

दोघी पुन्हा हसल्या. तिला इतकं हलकं वाटलं की ती पहिल्यांदाच मॅडमच्या शेजारी जाऊन बसली.

"उद्या सकाळी काय करणार?" मॅडमनी विचारलं.

"झोपणार."

"मीही."

खाली कुठल्याशा भरलेल्या वर्गाचा गलबला चालला होता. तो ऐकत मॅडम हातातला खडू बोटांत फिरवत राहिल्या.

"एक विचारू? आता तुझे मार्क माझ्या हातात नाहीत, तेव्हा खरं सांग," त्या म्हणाल्या. "मी शिकवायचे कशी?"

तिनं विचार केला. आता गोड बोलायची गरज नव्हती, म्हणून खरं तेच सांगितलं. "कंटाळवाणं शिकवलं असतंत ना मॅडम, तर मी पहिल्याच महिन्यात पळाले असते. एवढा त्रासच झाला नसता."

मॅडम उठल्या. "जा लवकर, ऑफिस बंद होईल," एवढंच म्हणाल्या आणि तिच्याकडे पाठ करून फळा पुसायला लागल्या. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. त्या दिवशी फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.