काढून ठेवलेले पॉइंट

थोरला भाऊ कृष्णात वारल्याला वर्ष झालं, तेव्हा विजयसिंहनं त्याची जुनी मोटार शाहूपुरीतल्या गॅरेजात आणली. त्या दिवशी शिरोळला निघताना कृष्णातनं विचारलं होतं, "ठिणगीचे पॉइंट घासलेस का?" विजयसिंहनं न घासताच "व्हय" म्हटलं होतं. गाडी पुराच्या पाण्यात बंद पडली आणि कृष्णात बुडाला. ते "व्हय" त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मल्लिकार्जुन मिस्त्रीनं झिजलेले पॉइंट काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं.

"आता बंद पडायची न्हाय, पावणं," म्हणत त्यानं गाडीत बसून स्टार्टर मारला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

टेबलावरचे पॉइंटही, अजून इंजिनातच असल्यासारखे, टकटक करत उघडमीट करू लागले. त्यांना एकही वायर जोडलेली नव्हती. मिस्त्रीनं रेस वाढवली, तशी टकटकही वाढली.

विजयसिंह वाकून पुटपुटला, "दादा, मी घासले न्हवते."

टकटक थांबेना. त्यानं पॉइंट अंगठ्यानं घट्ट दाबून धरले.

इंजिन जागीच बंद पडलं.

"चावी तर चालूच हाय की," मिस्त्री आतून म्हणाला.

विजयसिंहच्या अंगठ्याखालचा पॉइंट सावकाश, माणसाच्या जोरानं, अंगठा वर ढकलत होता.