भिंतीची भूक

आईला गावाहून आणण्यात दिनकर वैरागडेचा फायदा उघड होता. नागपूरच्या त्या सत्तर मजली इमारतीच्या भिंती माणसांच्या अंगची ऊब शोषून वीज करत. फ्लॅट दुप्पट भावाने घेतला होता, पण घरात चार माणसं असली की वीजबिल शून्य. नवरा, बायको आणि लेक धरून होत होती तीनच.

आई हरखून आली. नातीसाठी शिवलेली जाडजूड गोधडी आणली, भिंती ऊब ओढत म्हणून उन्हाळ्यातही घरात गारठा, तेव्हा रात्री दोघी तिच्यातच झोपू लागल्या, आणि महिनाअखेर बिल आलंच.

"आई, गोधडी नको पांघरू," दिनकर चाचरत म्हणाला. "भिंतीला ऊब पोचत नाही."

"म्हंजे तू मायले नाही, घरी सरपण आणलं म्हन की!"

दिनकरची मान खाली गेली. आई हसली. तिने गोधडी नातीभोवती नीट खोचली.

"पोरीची ऊब पोरीले राहू दे. तिच्या वाटची माह्याकडून घे," म्हणत ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि मग रोजच तशी बसू लागली.

पुढच्या महिन्यात शून्य बिल आलं. दिनकरने आनंदाने ते आईच्या हातात दिलं. भर मे महिन्यात तिची बोटं बर्फासारखी लागली. बिल शून्य नव्हतंच. ते आईने भरलं होतं.