आजोळची पहिली रात्र

माझ्या सासूसासऱ्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आम्हा नवराबायकोची रात्रपाळी एकाच दिवशी आली आणि पाच महिन्यांच्या लेकीला त्यांच्याकडे ठेवायची वेळ आली, तेव्हा माझा काही तिथून पाय निघेना.

"रात्री रडली तर यांना कळणार कसं?" मी बायकोच्या कानाशी कुजबुजलो.

"कुजबुजतोस कशाला?" ती हसली. "आणि मी काय न रडता मोठी झाले?"

सकाळी ड्यूटी संपताच आम्ही तडक तिकडे गेलो. लेक आजीच्या कुशीत गाढ झोपली होती. आजीचा तळहात तिच्या छातीवर होता. एवढ्यात सासूबाईंनी खूण केली आणि सासरे दुधाची बाटली घेऊन आले.

"अहो, झोपलीय ती," मी बोलून गेलो. तेवढ्यात लेकीने ओठ काढले, पण रडू फुटायच्या आत बाटली तोंडात गेली.

बायकोने हातवारे करून आईला काहीतरी विचारलं, मग माझ्याकडे वळली.

"रात्रभर रडलीच नाही म्हणे. रडण्याआधी बाळाचा श्वास बदलतो. आई म्हणते, ऐकू येणाऱ्यांना ते जरा उशिरा कळतं."