चऱ्यासकट पाठ

आमच्या आत्याला एकच गाणं पाठ आहे, तेही चऱ्यासकट. बहात्तर साली ते घरोघरी वाजायचं, पण आत्याकडच्या तबकडीवर नेमका चरा पडलेला. गाणं रंगात आलं की सुई अडकायची, ‘हळूच, हळूच, हळूच’! मग आजोबा खुर्चीतूनच लाकडी जमिनीवर पाय आपटायचे, धप्प! सुई पुढे सरकायची. त्या धप्पला खालच्या मजल्यावरचा कॉलेजकुमार वैतागून झाडूच्या दांड्याने छतावर उत्तर द्यायचा, ठक ठक! रोज संध्याकाळी हीच जुगलबंदी.

परवा निवृत्तांच्या मंडळात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माइक हातात आला म्हणून आत्या नुसती मोहरून गेली होती. डोळे मिटून तिने असा काही सूर लावला, की मीच चाट पडले. आणि मग ‘हळूच, हळूच, हळूच’ म्हणत तिने स्टेजवर सणसणीत पाय आपटला. धप्प! कीबोर्डवाला भांबावून थांबला. सभागृहात हशा पिकला. आत्याचा चेहरा पार उतरला आणि माइक ठेवून ती खाली यायलाच निघाली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून काठी वाजली, ठक ठक! पाठोपाठ एका टकल्या गृहस्थांचा खणखणीत आवाज आला,

“अहो वरच्या मजल्यावरच्या बाई, अजून ती तबकडी बदलली नाहीत का?”