जाळीचा ताण

"ही जाळी आहे की झोळी, पोरी?" वॉल्ट हसला. जाळी धरून ठेवायला नोरीनने पिंजऱ्याच्या चौकटीच्या खाचेत दाबून बसवलेली रबरी दोरी त्याने उपसून काढली, तिचं वेटोळं स्टुलावर ठेवलं आणि जाळी स्वतः ताणून बसवली. लेक चाळिशीची झाली तरी तिच्या हातचं सगळं तो असंच उसवून पुन्हा करायचा. नोरीन नेहमीसारखी बाजूला सरकली.

पिंजरा मर्फीसाठी होता. फ्लोरिडातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर वाढलेला हा रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा हिरवागार व्हायचा तो फक्त वॉल्टजवळ. बाकी कुणी आलं की काळवंडायचा.

दुसऱ्या दिवशी वॉल्ट गेला.

दफन उरकल्यावर पिंजऱ्याचं राहिलेलं दार नोरीनने पुरं केलं. सकाळी पाहते तर दाराची जाळी लोंबत होती आणि रबरी दोरीचं वेटोळं स्टुलावर होतं. घरात ती एकटीच होती. तिने दोरी पुन्हा बसवली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच.

आज मात्र जाळी बसवून ती भर दुपारी पिंजऱ्याच्या दारासमोरच बसून राहिली.

काळवंडलेला मर्फी हळूहळू हिरवा झाला. एरवी दोन दिशांना फिरणारे त्याचे डोळे एकदमच वळले आणि तिच्या खांद्याशेजारच्या रिकाम्या जागेवर खिळले.

मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून दोरी सावकाश वर येऊ लागली.

नोरीनने ती अंगठ्याने दाबून धरली. ओढ वाढली.

"सोड, डॅडी," ती म्हणाली. "सैल असेल, वाकडी असेल. पण ही मी बसवलीय, आणि ती अशीच राहणार."