जाडोबाचं जेवण

जाडोबा चौथ्या दिवशीही जेवला नाही.

छोटीने वाटी त्याच्या नाकाशी नेली. त्याने मान फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसला. दुपारचा सव्वा वाजला होता. रोज याच सुमाराला तो दारापाशी जायचा, तासभर बसायचा आणि मग पलंगाखाली जाऊन पडायचा.

"नाही रे येणार ती आता," छोटी म्हणाली.

ती म्हणजे म्हातारी, घरातली चौदा वर्षांची काळी मांजर. तिच्याच कुशीत जाडोबा लहानाचा मोठा झाला होता. मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा इंजेक्शन देऊन तिला सोडवायचं छोटीनेच ठरवलं. टोपलीत घालून तिला नेलं आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. जाडोबा टोपली हुंगून बाजूला झाला तो झालाच.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं. पाच किलो दोनशेचा बोका चार किलो आठशेवर आला होता.

"मांजरंही दुःख करतात," डॉक्टर म्हणाले. "पण जाड मांजर उपाशी राहिलं की यकृत जातं. असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल. नळी लावूनही सगळी वाचत नाहीत."

"मी काय करू?"

"घरातलं काही बदलू नका. म्हातारीचं अंथरूण धुऊ नका. दिनक्रम होता तसाच ठेवा."

घरी आल्यावर नवऱ्याने तिचं ऐकून घेतलं. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत.

"मग तेच तर सांगतोय मी. दिनक्रम तूच बदललास. आठवडाभर रजा टाकून मांजरासमोर बसलीस, तर त्यालाही वाटणार काहीतरी भयंकर झालंय."

"एकट्याला कसं टाकू?"

"तुझ्या प्रयोगशाळेत कळलं ना, लोक हसतील. लोकांना चावायला दात करून देते आणि स्वतःच्या मांजरापुढे हात टेकते."

छोटी कवळ्या बनवायची. तिलाही हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

रात्री आठच्या सुमाराला ताईचा फोन आला. तो रोज यायचा. चाळिशी उलटली तरी तिला छोटी म्हणणारी ताई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, बालवाडीत शिकवायची. मांजराच्या केसांनी शिंका येतात म्हणून दोन वर्षांत ती छोटीच्या घरी आली नव्हती. भेटायचं तर छोटीनेच जायचं, तेही कपडे झटकून.

"जेवला का गं?"

"नाही."

"मासा उकडून दे. कोमट. आणि वाटीत नको, बोटावर घेऊन भरव."

"तुला गं काय माहीत? तू तर मांजराचं नाव काढलं तरी नाक पुसतेस."

"कुठेतरी वाचलं असेल," ताई म्हणाली. "रजा किती दिवस आहे तुझी?"

"संपवते उद्या. हाही तेच म्हणतोय."

"बरं करतेस. जिवाला किती लावून घेशील?"

फोन ठेवल्यावर छोटीला भरून आलं. नवरा आणि ताई, एवढी दोन माणसं तिला पुरेशी होती.

तिने मासा उकडला, बोटावर घेतला. जाडोबाने वास घेतला, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पलंगाखाली निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाऊ लागली. वाटी सकाळी भरलेली असायची, संध्याकाळीही तेवढीच. तिसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला.

"शंभर ग्रॅम वाढलाय."

"पण वाटीला तोंड लावलेलं नाही हो."

"पोटात काहीतरी जातंय. तुम्ही घरी होतात तेव्हा जात नव्हतं, आता जातंय."

छोटी हळूच म्हणाली, "म्हातारीला मी नेलं, ते त्याने पाहिलंय. माझ्या हातचं नकोय त्याला."

"तसं काही नसतं." डॉक्टरांनी कपाटातून काडेपेटीएवढा कॅमेरा काढून दिला. "हालचाल झाली की हा आपोआप चालू होतो. उद्या दाराच्या दिशेने ठेवा. संध्याकाळी आणा, इथेच बघू."

सकाळी नवरा आंघोळीला गेला होता तेव्हा तिने कॅमेरा पुस्तकांच्या फळीवर ठेवला. बस गाठायच्या घाईत त्याला सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी चित्रण संगणकावर लावलं. आधी छोटी स्वतःच दिसली, पर्स शोधताना. मग बराच वेळ काही नाही. एक वाजून दहा मिनिटांनी जाडोबा दारापाशी येऊन बसला.

कुलपात किल्ली फिरली. ताई आत आली. चपला काढून स्वयंपाकघरात गेली, बशी घेऊन आली आणि जमिनीवर बसली. जाडोबा तिच्या मांडीवर चढला. ती बोटावर मासा घेऊन त्याला भरवू लागली. ती शिंकली नाही.

दार पुन्हा उघडलं, आतून कडी लागली. लिफ्ट कंपनीच्या निळ्या बाह्यांतले दोन हात मागून पुढे आले आणि सावकाश ताईच्या केसांतला काटा काढू लागले. ताईने मागे न बघताच मान कलती केली.

"सात... आठ घास," डॉक्टर मोजत होते. त्यांचे डोळे मांजरावरच होते. "बघा कसा जेवतोय. ही नवी ओळख नाही, जुनी सवय आहे. कोण या?"

"माझी बहीण," छोटी म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता म्हणाले, "त्यांना म्हणावं, रोज सव्वा वाजता, एकही खाडा नको. आणि तुम्ही त्या वेळेला घरी थांबू नका."